अमेरिकेला जाणाऱ्या कंट्रोल पॅनलला वायर कुठली घ्यावी? (सोबत एक जर्मनीचं पण आहे)

भोसरीकर_पॅनलवाला

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, पॅनल बिल्डिंगचं (मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रिक कपाटांचं), मी धरून सहा जण. आजवर सगळं काम इकडचंच, एसपीएम (एका खास कामासाठी बनवलेली मशीन), कन्व्हेयर, पंपाचे पॅनल वगैरे, वायर म्हणजे बुधवार पेठेतून आयएसआयची कॉइल आणायची की झालं. आता आमच्या एका जुन्या पॅकेजिंग मशीनवाल्या कस्टमरला एक्स्पोर्ट लागलंय, एक मशीन ओहायोला आणि एक जर्मनीत, आणि पीओत (खरेदी ऑर्डरमध्ये) एकच ओळ आहे, "सर्व वायरिंग आंतरराष्ट्रीय प्रमाणित असावे". नक्की काय पाहिजे विचारलं तर म्हणतो तुम्हीच बघा, तुम्ही एक्स्पर्ट. आता काय बोलणार.

तर दोन्ही पॅनलला चालेल अशी एकच वायर मिळते का, रेटमध्ये किती फरक पडतो, आणि लावताना काही वेगळं करायला लागतं का? आमचे वायरमन काका वीस वर्षं हेच करतायत, त्यांना काय सांगू ते पण सांगा.

लोहारचाळ_ट्रेडर

एवढं टेन्शन कशाला घेता. चांगल्या कंपनीची एफआरएलएस (कमी पेटणारी, कमी धूर करणारी) घ्या, त्यावर आयएसआय असतं, बऱ्याचदा सीई पण छापलेलं असतं. सीई म्हणजे इंटरनॅशनलच की. आमच्याकडून किती जणांनी नेलीय, कोणाची तक्रार आली नाही.

चाकणचा_कंट्रोलवाला

ट्रेडर साहेब राग मानू नका पण याच सल्ल्याने लोक अडकतात. तुमची वायर वाईट आहे असं म्हणत नाहीये मी, आयएस ६९४ची (वायरचं आपलं भारतीय स्टँडर्ड) चांगली वायर आपल्या पॅनलला एकदम ओके. पण सीई हे कोणी बाहेरच्याने तपासून दिलेलं सर्टिफिकेट नाही, बनवणारा स्वतःच लिहून देतो की माल युरोपच्या नियमात बसतो. आणि अमेरिकेत तर सीईला कोणी विचारत पण नाही.

भोसरीकर, तुमच्याकडे दोन वेगळी कामं आहेत हे आधी डोक्यात घ्या. ओहायोच्या पॅनलला यूएल ५०८ए (अमेरिकेतल्या यूएल संस्थेचं पॅनलचं स्टँडर्ड) लागणार, मशीनला एनएफपीए ७९ (तिकडचं मशीनच्या इलेक्ट्रिकलचं स्टँडर्ड). जर्मनीच्या मशीनला आयईसी ६०२०४-१ (त्याच कामाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड).

अमेरिकेसाठी दोन नावं ऐकू येतील, एमटीडब्ल्यू (मशीन टूल वायर) आणि यूएल १०१५. १०१५ ही एडब्ल्यूएम जातीची (उपकरणांच्या आतल्या वायरिंगची), ६०० व्होल्ट, १०५ डिग्री, स्वस्त पडते आणि आपल्याकडे सहज मिळते. पॅनलच्या आत यूएल ५०८ए तिला चालवून घेतं पण एनएफपीए ७९ मध्ये एडब्ल्यूएमवर बंधनं आहेत, त्यामुळे कस्टमरच्या स्पेकमध्ये ७९ असेल तर वाद नको, सरळ एमटीडब्ल्यू घ्या. जर्मनीला एच०५व्ही-के आणि एच०७व्ही-के (युरोपच्या लवचिक वायरचे टाइप), पाऊण-एक स्क्वेअरपर्यंत (म्हणजे स्क्वेअर मिमी) एच०५ आणि दीडपासून पुढे एच०७, वायरवर एचएआर (युरोपचा वायरचा मार्क) छापलेलं पाहिजे.

एकच वायर दोन्हीकडे? मिळते, मल्टीनॉर्म म्हणतात तिला, एकाच वायरवर एमटीडब्ल्यू, कॅनडाचं टीईडब्ल्यू आणि एच०७ सगळं छापलेलं. महाग असते. पण तुमच्यासारख्या छोट्या युनिटला मी तीच घ्या म्हणेन, कारण दोन प्रकारचा स्टॉक ठेवला की एक ना एक दिवस पोरं चुकीची कॉइल उचलतात. आमच्याकडे उचलली आहे म्हणून सांगतो, अर्धा पॅनल परत ओढावा लागला होता.

मिशिगनकर

मी इकडे कंट्रोल्समध्येच आहे, मूळ सांगलीचा. चाकणकरांनी बरोबर सांगितलं, थोडी भर घालतो.

इन्स्पेक्टर आला की ब्रँड बघत नाही, वायरच्या अंगावर काय छापलंय ते वाचतो. यूएल, टाइप, ६०० व्ही, तापमान, साइज एडब्ल्यूजीमध्ये (अमेरिकेचं वायरचं माप, नंबर लहान तेवढी वायर जाड), व्हीडब्ल्यू-१ (आगीच्या टेस्टचा मार्क), आणि ई ने सुरू होणारा फाइल नंबर. तो नंबर यूएलच्या प्रॉडक्ट आयक्यू साइटवर टाकून बघा, अकाउंट फुकट आहे, नंबर खरंच त्याच कंपनीचा आणि वायरचाच आहे का ते कळतं. रीलवरचं यूएलचं लेबल काढून फेकू नका. फोटो काढा, लेबल फाइलला लावा. हे सगळं मी एका फसलेल्या कामावरून शिकलो, वायरवर "यूएल" एवढी दोनच अक्षरं होती आणि नंबर कुठेच नाही, इकडे आल्यावर सगळा पॅनल पुन्हा वायर करायला लागला आणि इकडच्या इलेक्ट्रिशियनचा तासाचा रेट ऐकलात तर चहा सांडेल हातातला.

दुसरं, साइज. आपला दीड स्क्वेअर म्हणजे १६ एडब्ल्यूजी नाही आणि १४ पण नाही. १६ म्हणजे १.३१, १४ म्हणजे २.०८. त्यामुळे दीडची वायर इकडे १६ म्हणूनच धरतात. पॉवर सर्किटला सर्वसाधारणपणे १४ च्या खाली जात नाहीत, म्हणजे जिथे तुम्ही डोळे झाकून दीड ओढता तिथे अडीच लागणार. कंट्रोलला १८ किंवा १६ चालते.

आणि खरं सांगू का, वायर हा सगळ्यात सोपा भाग आहे, पैसे दिले की मिळते. एमसीबी बघितलेत का? आपल्याकडची साधी डिन रेलची एमसीबी इथे ब्रँच सर्किटला (लोडकडे जाणाऱ्या पॉवरच्या लाइनला) चालत नाही, त्याला यूएल ४८९ (ब्रेकरचं स्टँडर्ड) लागतं. यूएल १०७७ लिहिलेली असते ती फक्त सप्लिमेंटरी (जोडीची जादा सुरक्षा), दिसायला सेम टू सेम. आणि एससीसीआर (शॉर्ट सर्किटचा किती करंट पॅनल सहन करेल तो आकडा) काढलंय का पॅनलचं? नेमप्लेटवर तो आकडा लागतोच आणि तो सगळ्यात कमकुवत पार्टवर ठरतो, एक साधा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) ५ केएचा (५ हजार अँपिअरचा) निघाला की अख्खा पॅनल ५ केए.

भोसरीकर_पॅनलवाला

बापरे. एमसीबी तर ऑर्डर पण करून बसलोय. थांबवतो उद्या सकाळी सकाळी.

एक अजून, पॅनलवर यूएलचा स्टिकर आम्ही लावू शकतो का? कस्टमर आज फोनवर म्हणाला "स्टिकर मारून द्या" 😅

मिशिगनकर

नाही! तो स्टिकर फक्त यूएलच्या प्रोग्रॅममध्ये असलेल्या पॅनल शॉपला मिळतो, त्यांच्याकडे यूएलचा माणूस अधूनमधून न सांगता तपासायला येतो. तुम्हाला दोन रस्ते. एकतर असं शॉप गाठा आणि त्यांच्याकडून बनवून घ्या, नाहीतर इकडे पोचल्यावर साइटवर फील्ड इव्हॅल्युएशन (पॅनल बसवलेल्या जागीच तपासणी) करून घ्यायचं, यूएल, इंटरटेक वगैरे मान्यताप्राप्त लॅब करतात. दुसऱ्या रस्त्याचा खर्च कोणाचा ते आत्ताच मेलवर लिहून घ्या. फोनवर नको, मेलवर.

सातपूर_वायरमन

मी हातानं काम करणारा माणूस, स्टँडर्डचे नंबर मला पाठ नाहीत, पण दोन एक्स्पोर्टचे पॅनल वायर केलेत म्हणून लिहितो. भोसरीकर तुमच्या काकांना सगळ्यात जड काय जाणार तर कलर. आपला हात लाल-पिवळा-निळा असाच चालतो. तिकडं पॉवर तिन्ही फेज काळीच. लाल म्हणजे एसी कंट्रोल, निळी म्हणजे डीसी कंट्रोल. आता तुम्ही आर फेजला लाल ओढली तर तिकडचा माणूस ती कंट्रोलची समजून हात घालणार, लागला का शॉक. मेन बंद केल्यावर पण जी जिवंत राहते ती नारिंगी, काही जुन्या ड्रॉइंगमध्ये पिवळी असते. न्यूट्रल अमेरिकेला पांढरी किंवा ग्रे, जर्मनीला फिकट निळी. म्हणजे जर्मनीच्या पॅनलमध्ये डीसीची गडद निळी आणि न्यूट्रलची फिकट निळी दोन्ही असतात, ट्यूबलाइटच्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात, मी तर कॉइलवर मार्करनं मोठ्ठं लिहून ठेवलं होतं.

दुसरं लग (वायरच्या टोकाला दाबून बसवतो ती धातूची टोपी). १०१५ चं इन्सुलेशन जाड असतं. १८ नंबरची बाहेरून २.८ मिमीच्या आसपास भरते, आपली पाऊणची एच०५ जेमतेम २.३. त्यामुळं साध्या पिन लगच्या प्लास्टिक कॉलरमध्ये ती शिरतच नाही, मग पोरं काय करतात, इन्सुलेशन जास्त सोलतात आणि लगच्या मागं तांबं उघडं राहतं. मोठ्या कॉलरचे लग वेगळे मिळतात ते मागवा. आणि चॅनल (वायरी टाकायचा झाकणाचा प्लास्टिकचा खाचा) एक साइज मोठं घ्या, नाहीतर झाकण बसत नाही, शेवटी बुक्की मारून बसवतात आणि पोचेपर्यंत उघडतं.

शेंडे सोल्डर करून टर्मिनलमध्ये घालायची सवय असेल तर बंद करा. सोल्डर दाबाखाली हळूहळू बसतं आणि स्क्रू ढिला होतो. आयईसीत पण मनाई आहे असं आमच्या साहेबांनी दाखवलं होतं. लग क्रिंप करायचा, रॅचेटवाल्या टूलनं, पकडीनं नाही!! आणि ओढून बघायचा. दर वेळी.

दाराची वायर वेगळी बघा, तिथं लूप मोठा सोडायचा, स्पायरल गुंडाळायचं, दोन्ही टोकांना पक्की बांधायची म्हणजे ताण टर्मिनलवर येत नाही. दाराची अर्थिंग बिजागरीच्या भरवशावर नाही सोडायची, वेगळी वेणी टाकायची.

चाकणचा_कंट्रोलवाला

वायरमन भाऊ, एक नंबर लिहिलंत. टॉर्कचं राहिलं फक्त. अमेरिकेच्या पार्टवर टॉर्क पाउंड-इंचात लिहिलेला असतो, आपला ड्रायव्हर न्यूटन-मीटरचा. १ न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ पाउंड-इंच. आमच्या एका नवीन पोरानं ७ पाउंड-इंचचं ७ न्यूटन-मीटर समजून टर्मिनल ब्लॉकचे स्क्रू फिरवले होते, खरं पाहिजे होतं ०.८. डोकी तुटून हातात.

आणि अजून एक गंमत. आपण फेरूल म्हणतो ती वायर नंबरची नळी, हो ना? तिकडे फेरूल म्हणजे टोकाला क्रिंप करतो तो लग. आमच्या कस्टमरचा मेल आला की सगळ्या वायर्सना फेरूल पाहिजेत, आमचा परचेसवाला म्हणाला देतोय की आपण नेहमी, आणि दोन हजार नंबर नळ्या प्रिंट करून बसवल्या. पॅनल पोचल्यावर फोन आला, फेरूल कुठे आहेत. म्हणून शब्द विचारून घ्या, लाजू नका.

लोहारचाळ_ट्रेडर

ओके मान्य, सीईचं मला माहीत नव्हतं एवढं. पण रेटचं कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो, मल्टीनॉर्म कॉइलच्या हिशोबात महाग वाटते पण एका पॅनलला वायर लागते किती? ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा) आणि पीएलसीच्या (मशीनच्या कंट्रोलरच्या) पुढे वायरचा खर्च काहीच नाही. खरा त्रास कलरचा आहे. काळी, लाल, निळी लगेच मिळेल, नारिंगी आणि पट्ट्याची वायर आधी सांगून मागवावी लागते, थांबावं लागतं आणि पूर्ण रीलच घ्यावं लागतं. ड्रॉइंग फायनल झालं की आधी कलरप्रमाणे मीटर काढा आणि मग फोन करा.

भोसरीकर_पॅनलवाला

सगळ्यांना मनापासून थँक्यू. अपडेट देतो.

कस्टमरला मेल टाकला, पाच प्रश्न विचारले, दोन दिवस उत्तर नाही, मग ओहायोच्या माणसाचंच थेट उत्तर आलं, यूएल ५०८ए आणि एनएफपीए ७९, वायर एमटीडब्ल्यू, स्टिकरवाल्या शॉपचा पॅनल पाहिजे. म्हणजे ओहायोचं एन्क्लोजर आणि वायरिंग दुसऱ्या एका शॉपला देतोय, डिझाइन आमचं, मार्जिन गेलं पण झोप लागेल. जर्मनीचं आम्हीच करतोय, मल्टीनॉर्म मागवली, रीलची लेबलं फाइलला लावली. एमसीबीची ऑर्डर वेळेत थांबली, मिशिगनकर तुम्हाला भोसरीत वडापाव लागू.

काकांनी काळ्या तीन फेज बघितल्या आणि म्हणाले "हे काय, सुतक आहे का पॅनलला". पण टोकांना एल१, एल२, एल३ च्या नळ्या घालून आता जोरात चालू आहे. टॉर्क ड्रायव्हर मात्र हातात धरायला तयार नाहीत, म्हणतात माझा मनगटच टॉर्क आहे. मी काहीच बोललो नाही, त्यांनी घट्ट केलेले दहा स्क्रू त्यांच्यासमोर तपासले. चार ढिले निघाले. तेव्हापासून ड्रायव्हर त्यांच्याच ड्रॉवरमध्ये आहे, कोणाला देत नाहीत.

आता एकच अडलंय. ज्या शॉपला ओहायोचं दिलंय त्यांच्याकडे डीसी कॉमनची (डीसी कंट्रोलच्या परतीच्या लाइनची) पांढरी-निळा पट्टावाली १६ एडब्ल्यूजी एमटीडब्ल्यू संपलीये आणि नवीन रीलला खूप वेळ सांगतायत. पुणे-नाशिकमध्ये कोणाकडे साठ-सत्तर मीटर शिल्लक असेल, लेबलसकट, तर मेसेज करा. येऊन घेऊन जातो.

सातपूर_वायरमन

आमच्याकडं अर्धं रील पडलंय बहुतेक, लेबल आहे का उद्या शिफ्टला गेलो की बघून सांगतो.