अनुभव धागा : कामातच देव पाहणारी घरची माणसे

मागवाला, वडगाव :
परवा माळ्यावरची पेटी उतरवताना वडिलांचा मागावरचा लाकडी धोटा (आडवा धागा नेणारे साधन) सापडला, त्यावरून हा धागा काढत आहे. ताण्यातला उभा धागा तुटला की तिथेच थांबून सांधायचा, हा त्यांचा दंडक होता. एकदा दिवाळीच्या तोंडावर पदराजवळची दोन बोटांची चूक मी घडीत झाकून साडी पोचती करायला दिली, तेव्हा व्यापाऱ्यासमोर त्यांनी स्वतःच घडी उलगडून ती दाखवली, मजुरी कापून घेतली आणि घरी आल्यावर मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा धाक अजून आहे. देवळात ते क्वचितच जात. आपल्याकडचे अनुभवही लिहावेत.

चिखलपाय, खानापूर :
आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, तरी आषाढीला त्यांना पंढरपूर कधी घडले नाही, कारण आमच्या पश्चिम भागात नेमकी तेव्हाच रोपलावणी असते, आणि कार्तिकीला भाताची कापणी. ते माघीला जात. आषाढी एकादशीला गुडघाभर चिखलात, हातातली रोपाची जुडी खाली न ठेवता ते पंढरपूरच्या दिशेने, उत्तरेकडे मान तुकवत आणि लगेच "ओळ वाकडी कुणाची रे?" म्हणून ओरडत. गड्यांच्या आधी चिखलात उतरून सर्वांच्या शेवटी बाहेर येणारा मालक मी दुसरा पाहिला नाही.

अथणीची सून :
आमच्या शेजारच्या कन्नड अज्जी उठता बसता "कायकवे कैलास", म्हणजे काम हाच कैलास, असे म्हणतात. हे वाक्य सगळे बसवण्णांच्या नावावर सांगतात, परंतु ते आयदक्की मारय्यांच्या वचनात येते. बाराव्या शतकातले हे शरण, म्हणजे शिवभक्त संत, सांडलेले तांदूळ वेचून आणत. एकदा त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा यांनी ते परत टाकून यायला सांगितले, अशी कथा आहे. अज्जींना ही कथा सांगताना मारय्यांपेक्षा लक्कम्मांचाच अभिमान अधिक वाटतो, आणि मलाही.

चिखलपाय, खानापूर :
आमच्याकडे आजीने असे सांगितले असते, तर आजोबा चार दिवस जेवले नसते!

विडीवालीची नात, निपाणी :
१९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते, तेव्हा माझी आजी शेतकरी नव्हती, विड्या वळणारी होती. तरीही ती गल्लीतल्या घराघरातून भाकरी गोळा करून पाठवी. भाकरी मोजून घेताना वाळलेली किंवा करपलेली दिसली, की ती परत करी आणि म्हणे, "आपल्या पानात वाढली असतीस का?" तिचे तेवढे एक वाक्य ऐकून बायका मुकाट्याने दुसरी भाकरी थापत. माझ्या हाताखाली आज सहा माणसे काम करतात; इतक्या कमी शब्दांत मला जमत नाही.

अथणीची सून :
वडगावकर, त्या धोट्याचा फोटो टाकावा.

मागवाला, वडगाव :
टाकला असता, पण सकाळपासून तो आईकडे आहे. तिने त्यात धाग्याने भरलेली कांडी बसवून ठेवली आहे, आणि घरात आता मागच नाही, हे तिला सांगायला कुणी धजत नाही.