मदत हवी आहे: 'किस मी डेडली' (१९५५) – माझी डिस्क खराब आहे की सिनेमाच असा आहे?

नमस्कार मंडळी,

जरा घाईची मदत हवी आहे. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा जुना सिनेमा दाखवतो. सतरंज्या, पंधरा-वीस खुर्च्या आणि उसना प्रोजेक्टर, एवढाच थाट. या शनिवारी रॉबर्ट ऑल्ड्रिचचा 'किस मी डेडली' ठरलाय. खाजगी गुप्तहेर माइक हॅमरचा, कृष्णधवल. ओळखीच्या एका काकांनी कधीतरी व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेली डिस्क दिली. काल रात्री तपासायला लावली आणि अडले.

सुरुवातच बघा. रात्रीचा हमरस्ता. अंगावर नुसता रेनकोट घातलेली मुलगी अनवाणी धावत येते आणि हॅमरच्या गाडीपुढे आडवी उभी राहते. तो कुरकुरत तिला आत घेतो. रेडिओवर नॅट किंग कोलचं गाणं, आणि त्याच्यावर तिच्या धापा, हुंदके, थांबतच नाहीत. अंगावर काटा आला. एवढ्यात नावं सुरू झाली, ती उलटी! खालून वर जायची सोडून वरून खाली येतात. 'डेडली' वरच्या ओळीत, 'किस मी' खालच्या. मी दोनदा डिस्क काढून पुसली.

आता शेवट. (रसभंग आहे, न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद गाळा.) समुद्रकिनाऱ्यावरचं घर. एक बाई ती गूढ पेटी उघडते, आतून डोळे दिपवणारा उजेड, ती किंचाळत पेटते. गोळी लागलेला हॅमर कसाबसा त्याच्या सेक्रेटरीला, व्हेल्डाला, कोंडलेल्या खोलीतून सोडवतो. घर फुटतं आणि धाडकन 'द एंड'. दोघं सुटले की नाही? काका म्हणतात, "मेले ना! मी चारदा बघितलाय." मैत्रीण म्हणते, तिने पाहिला त्यात दोघं पाण्यात उभी होती. दोघंही शपथेवर सांगतायत.

आणखी एक. सगळे ज्या पेटीमागे लागलेत तिला व्हेल्डा 'द ग्रेट व्हॉट्सिट' म्हणते. मी प्रेक्षकांना अर्ध्या पानाची मराठी ओळख छापून देते. या शब्दाला मराठीत काय म्हणू? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:
ताई, डिस्क पुसू नका, ओरखडे पडतील. नावं मुद्दामच तशी आहेत. गाडी पुढे पळते तशी आपल्याकडे येणारी अक्षरं रस्त्यावर रंगवल्यासारखी वाटतात. सगळं उलटं चाललंय हे पहिल्या मिनिटालाच कळावं, असा डाव असावा, असं आपलं माझं मत. ती धावणारी मुलगी म्हणजे क्लोरिस लीचमन, सिनेमातली तिची ही पहिलीच मोठी भूमिका.

प्रतिसाद:
गंमत अशी की जिथे डिस्क बिघडली असं तुम्हाला वाटलं तिथे ती ठीक आहे, आणि खरा घोळ शेवटी आहे. काका आणि मैत्रीण, दोघंही खरं बोलतायत. अनेक वर्षं जगभर ज्या प्रती फिरल्या त्यांत शेवटचा मिनिटभराचा तुकडाच नव्हता. १९९७ मध्ये तो परत जोडला. त्यात हॅमर आणि व्हेल्डा एकमेकांच्या आधाराने वाळूतून लडखडत जातात आणि लाटांत उभं राहून जळणारं घर बघतात. तुमची प्रत कॅसेटवरची म्हणजे आधीची. १९९७ नंतर निघालेली डिस्क मिळवा.

आता वाद घालतो. मला तुटका शेवटच जास्त आवडायचा. जगबुडीच झाल्यासारखा वाटायचा. पण दिग्दर्शकाने जे चित्रित केलं ते दाखवावं हे बरोबर. आणि तसंही पाण्यात उभी असली म्हणून ती वाचली असं कोण म्हणतं? पेटी जरा किलकिली केली तेव्हाच हॅमरचं मनगट भाजलं होतं. इथे तर अख्खं घर उडालंय.

प्रतिसाद:
'व्हॉट्सिट'ला सरळ 'घबाड' म्हणा. 'ते कायसं' हे शब्दशः जवळ आहे, पण छापलं की बावळट दिसतं. सगळ्यांना मोठं घबाड लागेल असंच वाटतंय ना? आत काय आहे ते मात्र ओळखीत लिहू नका. मिकी स्पिलेनच्या मूळ कादंबरीत अमली पदार्थांचं प्रकरण होतं, तेही न्यूयॉर्कात. पटकथाकार बेझरिडीसने ते लॉस एंजेलिसला आणलं आणि पेटीत अणू घातला. पोलिसातला पॅट हॅमरला फक्त तीन नावं ऐकवतो: मॅनहॅटन प्रोजेक्ट, लॉस अलामॉस, ट्रिनिटी (अमेरिकेचा अणुबॉम्ब प्रकल्प, त्याची प्रयोगशाळा आणि पहिली चाचणी). इतका वेळ सगळ्यांना थपडा मारत फिरणाऱ्या हॅमरचा चेहरा तिथे उतरतो. हिरोशिमाला जेमतेम दहा वर्षं झाली होती. तुमच्या ज्येष्ठांना वेगळं समजावावं लागणार नाही.

प्रतिसाद:
अवांतर: मी लॉस एंजेलिसला राहते. सिनेमात इथल्या बंकर हिल या टेकडीवरच्या वस्तीची जुनी लाकडी घरं आणि एंजल्स फ्लाइट ही चढावरची छोटी रेल्वे दिसते. पैसा कमी, म्हणून खऱ्या रस्त्यांवर जाऊन चित्रण केलं, त्याचा हा फायदा. ती घरं पुढे पाडली. रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली आणि १९९६ मध्ये थोडी बाजूला पुन्हा सुरू झाली. मी तिच्यात बसले की खिडकीतून ते जुनं चढण शोधत बसते. आता तिथे नुसत्या काचेच्या इमारती.

एक सावधगिरी, ताई. हॅमर सज्जन नाही. घटस्फोटाच्या केसेसमध्ये नवऱ्यांना जाळ्यात ओढायला तो स्वतःच्या सेक्रेटरीला पाठवतो. शवागारातल्या माणसाची बोटं खणात चेंगरतो ते दृश्यही आहे. नातवंडांना घेऊन येऊ नका म्हणून आधीच सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! मैत्रिणीची डिस्क आजच मागवली, तिच्यात लाटा आहेत. 'घबाड' पक्कं. काकांना शेवट कळवलेला नाही, पहिल्या रांगेत बसवणार आहे. आणि प्रोजेक्टरवाल्या मुलाला बजावून ठेवते, नावं उलटी आली तरी बटणाला हात लावायचा नाही.