सल्ला हवा: जुन्या नायकांची मुलं खेळायची आहेत, आईवडिलांचं काय करू?

सह्यकडा

नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा गट आहे. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळायचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. साडेतीन वर्षं चाललेली कॅम्पेन (सलग मोठी कथा) मागच्या महिन्यात १८व्या लेव्हलला संपली. शेवटच्या रात्री फासे आवरायला कुणाचा हात होईना. तेव्हा पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणारी मैत्रीण म्हणाली, "वीस वर्षांनंतरची गोष्ट घेऊ, यांची मुलं खेळू." सगळ्यांनी लगेच उचलून धरलं. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मीच.

आता बसले तर एकेक प्रश्न उभे राहताहेत. विझार्ड (जादूगार) आई नवव्या पातळीचे स्पेल (मंत्र) टाकते. पोरगा चार गॉब्लिनांपुढे आडवा पडला तर ती घरी बसेल का? सेंडिंगने (दूरवर निरोप धाडणारा मंत्र) रोज रात्री विचारेल, "जेवलास का?" आणि उत्तराचा सूर जरा वेगळा लागला की टेलिपोर्टने दारात हजर. आईवडील आधीच वारले असं म्हटलं की प्रश्न मिटतो, पण ज्या पात्रांना आम्ही जिवापाड जपलं त्यांना प्रस्तावनेच्या दोन ओळींत मारायला मन धजत नाही.

शिवाय पॅलाडिनची मुलगी रोग (चोर-हेर प्रकारचं पात्र) क्लास घेतेय. आईची जादूची तलवार, होली अव्हेंजर, तिला मिळावी का? सुरुवात पहिल्या लेव्हलपासून करू की वरून? आणि या प्रकारासाठी दुसरी एखादी सिस्टिम बरी पडेल का?

चांदणवेल

मारू नका, एवढंच आधी सांगते. सविस्तर रात्री लिहिते.

निळीशाई

तलवारीचं उत्तर नियमातच आहे. होली अव्हेंजरला अट्यून्मेंट (वस्तूशी नातं जुळणं) लागते आणि तीही फक्त पॅलाडिनची. रोगच्या हातात ती साधी तलवार. लाँगस्वर्ड असेल तर फिनेस (चपळाईने चालवायचा गुण) नाही, म्हणजे स्नीक अटॅकही (रोगचा खास वार) बसत नाही. मी असतो तर तलवार मुलीला नक्की दिली असती. आईची अख्ख्या राज्यात गाजलेली तलवार कमरेला आहे, लोक ती बघून वाट सोडतात, आणि फक्त तिला ठाऊक आहे की आपल्या हातात ती जागी होत नाही. यापेक्षा चांगला वारसा कुठून आणणार?

लेव्हल तिसरी घ्या. तिथवर प्रत्येकाचा सबक्लास (क्लासमधली खास शाखा) ठरलेला असतो, आणि मूल आईबापापेक्षा कुठे वेगळं निघालं ते तिथेच दिसतं.

चांदणवेल

आम्ही हाच खेळ दीड वर्ष खेळलो, म्हणून जरा लांबण लावते.

सगळ्यात आधी मुलांची अदलाबदल करा. आपल्या नायकाचं मूल आपण खेळायचं नाही, दुसऱ्याच्या नायकाचं घ्यायचं. म्हणजे मूल घरी परततं तेव्हा आईचं बोलणं डीएमला करावं लागत नाही. जिने ती बाई वर्षानुवर्षं खेळली तीच समोर बसून बोलते. तुमच्याकडे पॅलाडिन खेळणारी तिच्या मुलीशी बोलेल आणि ती मुलगी दुसऱ्या कुणाच्या तोंडून उत्तर देईल. मग खरी भांडणं होतात, खरी माया दिसते. आम्ही हे पहिल्या पाच सेशनमध्ये केलं नव्हतं. सगळे पालक डीएमच्या तोंडी होते आणि सगळे एकाच सुरात उपदेश करायचे.

आता तुमचा मूळ प्रश्न, आईची नजर. त्याच्याशी भांडू नका, त्याचंच साहस करा. स्क्राइंगचे (दुरून एखाद्याला बघायचा मंत्र) नियम उघडा. पाहणारी व्यक्ती जवळून ओळखत असेल तर समोरच्याच्या विझडम सेव्हला (मंत्र टाळायच्या फाशाला) उणे ५. तिच्याकडे त्याच्या शरीराचा अंश असेल तर आणखी उणे १०. आमच्या विझार्ड आईने मुलाचं जावळ चांदीच्या डबीत जपून ठेवलं होतं. मुलगा पहिल्या लेव्हलचा क्लेरिक (पुजारी), सेव्ह अधिक ५. आईची डीसी (मुलाला गाठायचा आकडा) १७. जावळ तिच्याकडे असताना वीस बाजूंच्या फाशावर २० पडले तरी बेरीज १०च. म्हणजे सुटका नाही. जावळ नसेल तर १७ किंवा वर पडलं की सुटला, पाचांत एकदा का होईना. आणि एकदा सेव्ह पास झाली की २४ तास तिला पुन्हा बघता येत नाही.

तर आमचं पहिलं सेशन म्हणजे घरातून ती डबी चोरणं. एकही लढाई नाही. पोरांनी कपाट उघडलं, जावळ काढलं, रिकामी डबी जागच्या जागी ठेवली. आई खेळणाऱ्या मैत्रिणीने नंतर एवढंच सांगितलं: संध्याकाळी तिने डबी हातात घेतली, वजनावरूनच ओळखलं, न उघडता परत ठेवली आणि नवऱ्याला काही बोलली नाही. टेबलावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

डोंगरवारा

अदलाबदलीला जोरदार अनुमोदन.

खलनायकासाठी महाभारताकडे बघा. कर्णाने इंद्राची शक्ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. एकदाच वापरता येणारी. ती घटोत्कचावर खर्च झाली. पुढच्या पिढीच्या कथेत हेच होतं, आईबापांसाठी घडवलेलं हत्यार मुलांच्या वाट्याला येतं. तुमच्या जुन्या कॅम्पेनमधून निसटलेला एखादा शत्रू आहे का? त्याने वीस वर्षं कशाची तयारी केली असेल, त्यावर दोन पानं लिहून काढा.

अभिमन्यूसारखी अर्धी विद्याही द्या. प्रत्येक मुलाला आईची किंवा वडिलांची एक करामत, लाँग रेस्टमधून (मोठ्या विश्रांतीमागे) एकदा, पण अपुरी शिकलेली. आत शिरता येतं, बाहेर पडायचं अजून ठाऊक नाही.

मरण मात्र महाग ठेवा. रेझ डेडला (मेलेल्याला उठवणारा मंत्र) मृत्यूनंतर १० दिवसांची मुदत आणि ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो. सेंडिंग चालत नाही अशा मुलखात मित्र पडला, तर त्याला १० दिवसांत क्लेरिक बाबांच्या दारात पोचवायचं. आईबाप शक्तिमान आहेत हेच इथे कामाला येतं.

जुनाफासा

सिस्टिमबद्दल. पिढ्यांचाच खेळ हवा असेल तर ग्रेग स्टॅफर्डचा पेंड्रॅगन, १९८५चा. साधारण वर्षाला एक साहस, मग हिवाळ्याचा टप्पा: लग्नं, बाळंतपणं, शेतीचं उत्पन्न, म्हातारपण. वारसाला वडिलांच्या ग्लोरीचा (कीर्तीच्या गुणांचा) दहावा हिस्सा मिळतो. पण तो आर्थर राजाच्या सरदारांचा खेळ आहे, तुमचं जग तिथे उचलून नेता येणार नाही. तुम्ही डी अँड डीतच राहा.

मास्क्समधून मात्र एक गोष्ट उसनी घ्या. तो तरुण सुपरहिरोंचा खेळ. त्यात मोठ्या माणसांचा मुलांवर इन्फ्लुअन्स (वजन) असतो. मोठ्यांनी "तू असा आहेस" म्हटलं की मुलाचं एक लेबल (स्वतःकडे कसं बघतो त्याचा आकडा) वर जातं, एक खाली येतं. पटत नसेल तर फासा टाकून झिडकारायचं. घरच्या प्रसंगांत हे फार छान बसतं.

सह्यकडा

मंडळी, मनापासून आभार. काल सगळे जमलो. चिठ्ठ्या टाकून मुलं वाटली, तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात. पॅलाडिनची मुलगी विझार्डवाल्याकडे गेली. डबीची कल्पना घेतेय, आमच्याकडे जावळाऐवजी पहिला दुधाचा दात.

तलवारीचं ठरत असताना पॅलाडिनवाली म्हणाली, "ती कुठे आहे ते मी सांगणार." भिंतीवर नाही, देव्हाऱ्यातही नाही. माळ्यावर घोंगडीत गुंडाळून ठेवली आहे, आणि मुलीला ती कधी दाखवलेलीच नाही. का, ते तिने मलाही सांगितलेलं नाही. रविवारी पहिलं सेशन.