‘रेड डॉट म्हणजे कुबडी’ या टिपणाला उत्तर

काचवेडा (धागाकर्ता):

‘जुनी माशी’ यांच्या परवाच्या टिपणात तीन विधाने होती. रेड डॉट साइट (काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरू देणारे बंदुकीवरचे साधन) ही आळशी नेमबाजाची कुबडी आहे, हे खूळ गेल्या दहा-पंधरा वर्षांतले आहे, आणि बॅटरी संपली की असा नेमबाज आंधळा होतो. तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो. परंतु खाली इतक्या जणांनी माना डोलावलेल्या पाहिल्या की राहवले नाही.

खुळाचे वय आधी पाहू. दुर्बिणी बनवणाऱ्या डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली या साइटच्या मूळ तत्त्वाचे पेटंट घेतले. भिंगाने समांतर केलेले किरण तिरप्या काचेवर पाडायचे, म्हणजे नेमाची खूण अनंत अंतरावर तरंगताना दिसते आणि डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी ती लक्ष्यावरून फारशी हलत नाही, ही कल्पना त्यांची. १९१८ मध्ये जर्मन लढाऊ विमानांवर ओइगी कंपनीच्या अशा साइट होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर व हरिकेनच्या वैमानिकांसमोर तीच युक्ती होती. नेम धरताना मान खिळवून ठेवणे ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी हे साधन जन्मले. त्यात आळसाचा संबंध कुठे येतो?

हातातल्या शस्त्रावर ते यायला वेळ लागला तो प्रकाशामुळे. १९७० च्या सुमाराच्या सिंगलपॉइंट साइटमधून तर आरपार दिसतच नसे. एका डोळ्याला ठिपका, दुसऱ्याला लक्ष्य, आणि दोन्हींची सांगड मेंदूने घालायची. १९७० च्या नोव्हेंबरात व्हिएतनाममधल्या सोन ताय येथील युद्धकैद्यांच्या छावणीवर रात्री छापा घालणाऱ्या अमेरिकी तुकडीच्या रायफलींवर ही साइट होती. मग स्वीडनमध्ये योन आर्ने इंगेमुंद एकस्ट्रांड या अभियंत्याने वक्र आरसा आणि एलईडी यांची जोडी जमवली, आणि १९७५ मध्ये एमपॉइंटने ती बाजारात आणली. १९९० मध्ये अॅडलेड येथे डग केनिग रेड डॉट लावलेल्या पिस्तुलावर आयपीएससी या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धेत विश्वविजेता झाला. दहा-पंधरा वर्षे म्हणे!

आता कुबडीविषयी. ओपन साइटवर, म्हणजे काच नसलेल्या साध्या साइटवर, बॅकसाइट (मागची खाच), फोरसाइट (पुढचा खुंट) आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या तीन वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात, आणि डोळा एका वेळी एकावरच स्थिरावतो. बॅकसाइट आणि फोरसाइट यांत १६० मिलिमीटर अंतर असलेल्या पिस्तुलावर फोरसाइट एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी बासष्ट मिलिमीटर चुकते. रेड डॉटमध्ये ही चूक जवळजवळ नाहीशी होते, कारण ठिपका आणि लक्ष्य एकाच अंतरावर दिसतात. वीस मिलिमीटरच्या काचेच्या अगदी कडेतून पाहिले तरी पॅरॅलॅक्समुळे, म्हणजे डोळा मध्यावरून सरकल्यामुळे, होणारी चूक दहा मिलिमीटरच्या आसपास राहते. श्वास, पकड आणि ट्रिगर यांचे काम मात्र तसेच्या तसे शिल्लक असते, आणि ते कोणतीही काच तुमच्यासाठी करून देत नाही.

जाता जाता एक विनंती. हा ठिपका लक्ष्यावर पडत नाही. तो फक्त नेमबाजाला दिसतो. ‘त्याच्या छातीवर लाल ठिपका नाचत होता’ असली वाक्ये लिहिणाऱ्यांनी रेड डॉट आणि लेसर यांतला फरक एकदाचा समजून घ्यावा. लेसरचा इथे काडीचाही संबंध नाही.

जुनी माशी:

इतिहासाबद्दल आभार; वर्षांबाबत माझी चूक झाली, ती मान्य. माझा मुद्दा मात्र आपण इतिहासाखाली व्यवस्थित पुरून टाकला आहे.

आपले गणित आपल्यावरच उलटते. दहा मीटर एअर पिस्तुलात दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते. ज्या दहा मिलिमीटरच्या चुकीला आपण क्षुल्लक ठरवता, तिने दहाचे नऊ होतात, आणि साठ गोळ्यांच्या सामन्यात अशा पाच-सहा जादा नवांनी माणूस अंतिम फेरीबाहेर बसतो. राहिली ती एक मिलिमीटरची भीती. माझ्याकडे वर्षभर शिकलेल्या मुलाची फोरसाइट सहसा एक दशांश मिलिमीटरहून अधिक सरकत नाही, म्हणजे आपल्याच हिशेबाने चूक सहा मिलिमीटरची. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत भिंगाच्या आणि आरशाच्या साइटना परवानगी नाही, हेही आपण सोयीस्करपणे वगळलेत.

मी शिकवतो, म्हणून जे रोज पाहतो ते सांगतो. रेड डॉटवर सुरुवात केलेला मुलगा पिस्तूल उचलतो आणि काचेत ठिपका दिसला नाही की मनगट गोल गोल फिरवून तो शोधू लागतो. फोरसाइट निदान सांगते की मी डावीकडे गेले आहे, वर गेले आहे. काचेबाहेर गेलेला ठिपका काहीच सांगत नाही. पाया कच्चा राहिल्याचे याहून स्पष्ट लक्षण मला ठाऊक नाही.

काचवेडा:

गुरुजी, वर्षभर शिकलेल्या मुलाची फोरसाइट आणि काचेच्या कडेतून पाहणाऱ्या अडाण्याचा ठिपका यांची तुलना करून आपण जिंकलात, अभिनंदन. एकाच नवशिक्याच्या हाती दोन्ही द्या. ठिपक्यावर त्याच्या वाईटात वाईट चुकीला नऊ गुण मिळतात. फोरसाइटच्या एक मिलिमीटरला तीन.

मनगट फिरवण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. मी स्वतः पहिले तीन महिने तेच करत होतो, आणि अखेरीस ओपन साइटच्या पिस्तुलावर परत जाऊनच उचलण्याची सवय सुधारली. हे कबूल करताना मला अजिबात आनंद होत नाही, याची नोंद घ्यावी.

तिरपी नजर:

तुम्हा दोघांचे मिलिमीटर वाचून माझे जुने दुखणे उफाळून आले. ठिपका गोल दिसतो, असे गृहीत धरून हा सगळा वाद चालला आहे. मला तो गोल दिसत नाही. मला स्वल्पविराम दिसतो, आणि अंधार पडला की त्याला शेपट्या फुटतात.

पहिली साइट घेतली तेव्हा ती सदोष आहे असे समजून परत केली. विक्रेत्याने दुसरी दिली, तिच्यातही स्वल्पविराम. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेले नाही. अखेर नेत्रतपासणीत कळले की दोष माझ्या डोळ्यात आहे, दृष्टिवैषम्य, म्हणजे डोळ्याची वक्रता सर्व दिशांना सारखी नसणे. इतक्या वर्षांत ना एका माहितीपत्रकाने हे सांगितले, ना एका प्रशिक्षकाने. ‘दोन एमओएचा नेमका ठिपका’ (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) या जाहिरातीतला नेमकेपणा कोणाच्या डोळ्यांसाठी आहे?

हिशेबनीस:

ताई, आपला अनुभव तंतोतंत माझा आहे. माझ्यासाठी उपाय एकच ठरला, होलोग्राफिक साइट, जिची खूण काचेतल्या होलोग्रामने उमटते. तीत खूण फाटत नाही. रेड डॉट विकून टाका.

काचवेडा:

हा सल्ला सरसकट देऊ नये. डोळ्याचा दोष डोळ्यातच राहतो, मग प्रकाश एलईडीचा असो वा होलोग्रामचा. काहींना बारीक रेषांमुळे फाटणे कमी जाणवते, एवढेच. आधी परीक्षा करावी. साइट नव्वद अंशांत फिरवून पाहावी. शेपट्या साइटबरोबर फिरल्या तर दोष साइटचा, जागच्या जागी राहिल्या तर डोळ्याचा. कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून ठिपका पाहावा. तो गोल झाला तर शंका उरत नाही. आणि ठिपक्याचा उजेड कमी करावा. निम्म्या लोकांचे फाटलेले ठिपके हे अंधारात पूर्ण तेजावर ठेवलेले ठिपके असतात.

हिशेबनीस:

मी सहा वर्षे दोन्ही वापरतो आहे, आणि आपण मला कागदाला भोक पाडायला सांगता! माझ्या डोळ्यांना काय दिसते ते आपण सूत्रांवरून ठरवू नये. शिवाय ‘लेसरचा काडीचाही संबंध नाही’ असे वर ठणकावून लिहिणाऱ्यांना होलोग्राफिक साइटमध्ये लेसर डायोडच असतो, हे ठाऊक असायला हवे होते.

काचवेडा:

होलोग्राफिकमध्ये लेसर डायोड असतो. माझे वाक्य रेड डॉटपुरते होते. तरीही लेसर लक्ष्यावर पडत नाही, हा मुद्दा उरतोच. काडीभर संबंध मान्य केला, झाले समाधान? आता आपण आपल्या लाडक्या साइटची दुसरी बाजू सांगाल काय? तापमान बदलले की नेम सरकतो, या दोषाबद्दल तिच्या सर्वांत नामांकित उत्पादकाच्या मातृकंपनीला २०१५ मध्ये अमेरिकी सरकारशी २ कोटी ५६ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. बॅटरीही हजार-दोन हजार तासांच्या घरात संपते, तर एमपॉइंटची कॉम्पएम४ एका एए सेलवर ऐंशी हजार तास चालते.

हिशेबनीस:

ती तडजोड मला ठाऊक आहे, आणि तिच्यानंतरही मी तीच साइट वापरतो, कारण ऐंशी हजार तास फाटका ठिपका पाहण्यापेक्षा हजार तास अखंड वर्तुळ पाहणे मला परवडते.

तिरपी नजर:

आपण दोघे भांडत असताना मी कागदाला भोक पाडून पाहिले. ठिपका गोल झाला. सहा वर्षे चष्म्याचा सिलिंडर नंबर टाळत होते, तो आता घ्यावा लागणार. विक्रेत्याची क्षमा मागण्याइतकी मात्र मी उदार नाही.

रात्रपाळी:

मी नेमबाज नाही, हौशी आकाशनिरीक्षक आहे. परंतु ताईंना एक सांगावेसे वाटते. माझ्या दुर्बिणीवरही हेच तत्त्व आहे. आम्ही टेलरॅड नावाची, दुर्बीण ताऱ्यावर रोखण्याची साइट वापरतो, तीत अर्धा, दोन आणि चार अंशांची लाल वर्तुळे आकाशावर तरंगतात, आणि दृष्टिवैषम्याच्या तक्रारी आमच्याकडेही याच. अंधारात बाहुली मोठी होते, भिंगाचा कडेचा सदोष भाग वापरात येतो आणि शेपट्या वाढतात. दुर्बिणी बनवणाऱ्याने शोधलेली साइट बंदुकींवरून फिरून पुन्हा दुर्बिणीवर आली, याची मला नेहमी मौज वाटते.

जुनी माशी:

धागा नेमबाजीचा होता, तो आता चष्म्याच्या दुकानात येऊन बसला आहे. तरी ताईंच्या तक्रारीतून माझाच मुद्दा सिद्ध होतो. लोखंडाची फोरसाइट फाटत नाही.

तिरपी नजर:

गुरुजी, क्षमस्व, परंतु फोरसाइट मला दोन दिसतात, एक खरी आणि तिच्या बाजूला तिची सावली. वय सत्तेचाळीस आहे. हाताच्या अंतरावरच्या फोरसाइटवर डोळा स्थिरावण्याचे दिवस गेले. चाळिशीनंतर डोळ्याचे भिंग ताठर होते, हे शिष्यांना शिकवताना आपणही अनुभवत असालच. स्वल्पविराम तर स्वल्पविराम, तो निदान लक्ष्यावर बसलेला दिसतो.

काचवेडा:

हेच मी पहिल्या उत्तरात ठळकपणे लिहायला हवे होते, आणि विमानांच्या नादात राहून गेले. रेड डॉटचे आकर्षण तरुणांच्या चकचकीत हौसेतून आले, असे गुरुजींना वाटते. माझ्या ओळखीत तो सर्वांत आधी ज्यांनी लावला, ते सगळे वाचायचा चष्मा खिशात ठेवणारे लोक होते.

गुरुजींना एक प्रयोग सुचवतो. साइटच्या पुढच्या काचेवर चिकटपट्टी लावा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि दहा मीटरवर पाच गोळ्या झाडा. ही ती १९७० ची सिंगलपॉइंटच झाली. काच बंद असूनही ठिपका लक्ष्यावर बसलेला दिसेल, आणि ज्याची नजर लक्ष्याऐवजी काचेवर अडकते त्याला मात्र नुसती पट्टी दिसेल. काच काम करते की डोळा, ते आपणच ठरवा.

जुनी माशी:

आपला प्रयोग केला. साइट एका विद्यार्थ्याकडून मागून घेतली आणि तो गेल्यावर केला, हेही सांगून टाकतो. ठिपका दिसला, आणि नजर लक्ष्यावरून हलवावी लागली नाही, हे मला नाकारता येत नाही. पाचही गोळ्या एका रुपयाखाली झाकतील इतक्या जवळ पडल्या. मात्र सगळ्या तीन बोटे डावीकडे. झीरो, म्हणजे ठिपका आणि गोळी यांचा मेळ, तपासून घेतला होता. कुबडी निदान सरळ चालवते. ही तर डावीकडे नेते.

काचवेडा:

झीरोचा दोष नाही. एका डोळ्यासमोरून लक्ष्य झाकले गेले की दोन्ही डोळ्यांना एका रेषेत धरून ठेवणारा दुवा सुटतो आणि प्रत्येक डोळा आपापल्या विसाव्याच्या दिशेला किंचित वळतो. काहींच्या गोळ्यांचा समूह त्यामुळे डावीकडे जातो, काहींचा उजवीकडे, काहींचा जागेवर राहतो. पट्टी काढा, समूह मध्यभागी येईल. पट्टी नजरेच्या सरावासाठी आहे, सामन्यासाठी नाही. हे आधी सांगायला हवे होते.

जुनी माशी:

हवेच होते. पट्टी काढली, समूह मध्यभागी आला. साइट विद्यार्थ्याला परत करायची आहे, परंतु त्याने ती अजून मागितलेली नाही आणि मीही घाई करत नाही. नवशिक्याला पहिले वर्ष फोरसाइटच द्यावी, या मतावरून मी तसूभरही हललेलो नाही.