चुकीच्या जागी बसलेली क्लिप: रिमूव्हर की शिअर्स?

युरोसर्जन, राजारामपुरी
रोबोटिक केसमध्ये (रोबोटच्या मदतीने केलेल्या ऑपरेशनमध्ये) पॉलिमर क्लिप, म्हणजे रक्तवाहिनी बंद करायचा प्लास्टिकचा चिमटा, भलतीकडे लागली तर ती कापून काढू नये, असं माझं ठाम मत आहे. टायटॅनियम क्लिपला लॉक नसतं, ती नीट धरून सरकवता येते. पॉलिमरला एका टोकाला बिजागरी, दुसऱ्याला लॉक आणि आतून दात. ओढली की रक्तवाहिनीची भिंत फाटते. म्हणून टेबलाजवळच्या असिस्टंटने रिमूव्हरने, म्हणजे क्लिप उघडायच्या खास उपकरणाने, लॉक सोडवावं. हा रिमूव्हर कोल्हापुरातल्या प्रत्येक रोबोटिक ट्रॉलीवर निर्जंतुक करून तयार हवा. पुणे सव्वादोनशे किलोमीटर लांब. ऐन वेळी मागवायची वस्तू नव्हे ही.

लॅप सर्जन, नागाळा पार्क
पटत नाही सर. रिमूव्हर सरळसोट, त्याला रोबोटच्या हत्यारांसारखं वळणारं मनगट नाही. खोल पेल्व्हिसमध्ये (ओटीपोटाच्या तळाशी) लॉक मागच्या बाजूला गेलं असेल तर तो तिथे बसणार कसा? बसवायला क्लिप फिरवली की खालची ऊतीही पिळली जाते. त्यापेक्षा अल्ट्रासॉनिक शिअर्सने (कंपनांच्या उष्णतेने कापणाऱ्या कात्रीने) बिजागरी कापा, क्लिप लगेच उघडते.

युरोसर्जन, राजारामपुरी
शिअर्सनाही मनगट नसतंच की. आणि पेडल सोडल्यावरही त्यांचं पातं काही सेकंद तापलेलं राहतं. लिम्फ नोड काढताना मांडीकडे जाणारी ऑब्ट्युरेटर नर्व्ह क्लिपमध्ये सापडली असेल, तर तिथे ती उष्णता परवडेल का?

ओटी सिस्टर, कसबा बावडा
तुकड्यांचं कोणी बोललं नाही. पॉलिमर एक्स-रेवर दिसत नाही. कापलेला अर्धा तुकडा आतड्यांत गेला तर सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) फिरवून काही हाती लागत नाही. क्लिप सोडवली की त्याच क्षणी बाहेर काढा, गॉजवर दोन्ही भाग जुळवून बघा, मगच पुढची पायरी. रिमूव्हर कुठल्या मापाच्या क्लिपसाठी आहे तेही केस सुरू होण्याआधी तपासा.

जनरल सर्जन, शाहूपुरी
नुसत्या चरबीवर घट्ट बसलेली क्लिप असेल तर राहू द्या, तिच्यामागे लागून नवी इजा कशाला? पित्तनलिका, युरेटर (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी), नर्व्ह यांच्यावरची मात्र काढायलाच हवी. युरेटरवरची काढल्यावर त्याचा रंग आणि हालचाल बघा, शंका आली तर डीजे स्टेंट (युरेटर उघडा ठेवणारी बारीक नळी) घाला.

युरोसर्जन, राजारामपुरी
“राहू द्या” हे प्रोस्टेटेक्टॉमीत (प्रोस्टेट ग्रंथी काढताना) चालत नाही डॉक्टर. मूत्राशय-मूत्रमार्गाच्या जोडाजवळ राहिलेली क्लिप पुढे मूत्राशयात सरकू शकते. तिच्यावर खडा धरतो, नाहीतर ब्लॅडर नेक (मूत्राशयाचं तोंड) आकसते. तिथली सैल क्लिपसुद्धा शोधून काढा.

लॅप सर्जन, नागाळा पार्क
नर्व्हपाशी रिमूव्हर, हे मान्य. पण रक्तवाहिनीवरची क्लिप काढताना असिस्टंट पोर्टमध्ये (असिस्टंटची हत्यारं आत घालायच्या छिद्रात) रिमूव्हर असेल तर सक्शन कुठून घालणार? रक्त उसळलं की कन्सोलवर, म्हणजे सर्जनसमोर, नुसता लाल पडदा, आणि रिमूव्हर बाहेर काढून सक्शन आत जाईपर्यंत सगळे हातावर हात धरून.

युरोसर्जन, राजारामपुरी
हा मुद्दा खरा आहे. अशा वेळी आधी 5 मिमीचा दुसरा पोर्ट टाकून त्यातून सक्शन घ्या. क्लिपच्या मागे, रक्त येतं त्या बाजूला बुलडॉग (रक्तवाहिनी तात्पुरती दाबणारा चिमटा) लावा, 5-0 प्रोलीन (टाक्याचा बारीक धागा) नीडल ड्रायव्हरमध्ये धरून ठेवा. तोवर लॉकला हात लावायचा नाही.