ज्युडिट पोल्गारचे डाव शिकवताना सुरुवात कुठून करावी?

अडीच_घरं: बुद्धिबळात १५०० रेटिंगच्या (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) आसपासच्या मुलांना हंगेरीची ग्रँडमास्टर ज्युडिट पोल्गार शिकवायची आहे. 'आक्रमक खेळाडू' यापलीकडे कोणी काही सांगत नाही. आधी कुठला डाव घ्यावा? आणि ती महिलांच्या जगज्जेतेपदासाठी का खेळली नाही, हे मुलं हमखास विचारतात.

काळी_सोंगटी: आनंदविरुद्धचा घ्या, स्पेनमधली दोस एर्मानास स्पर्धा, १९९९. नायडॉर्फमध्ये (सिसिलियन बचावाचा एक प्रकार) पांढऱ्याची, म्हणजे ज्युडिटची, सातवी चाल जी४, म्हणजे पेरेन्यी हल्ला. काळ्याने ई५ केलं की घोडा एफ५ वर. जी६ ने डिवचलं तरी तो तिथून हलत नाही: ९. जी५ जी×एफ५ १०. ई×एफ५ डी५ ११. वजीर एफ३ डी४. आता ई३ चा उंट आणि सी३ चा घोडा एकाच प्याद्याच्या तोंडी. मुलं इथे उंट वाचवायला धावतात आणि घोडा जातो. ज्युडिटने सरळ लांबचं कॅसलिंग केलं (राजा सी१ वर, हत्ती डी१ वर)! ते प्यादं काहीही खायला गेलं की डी पट्टी मोकळी होते आणि डी१ चा हत्ती वजीर उचलतो. म्हणून आनंदने आधी घोडा डी७ वर आणून पट्टी बंद केली, पण त्यात त्याचाच सी८ चा उंट कोंडला. एका प्याद्यावर घोडा देऊन ज्युडिटने डाव जिंकला. इंजिन (चाली सुचवणारा संगणक) बंद ठेवा, बाराव्या चालीपाशी थांबा आणि मुलांना दहा मिनिटं द्या.

बुडापेस्ट७६: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतच आहे. जानेवारी १९८९ ला बारा वर्षांची ज्युडिट २५५५ वर होती, पुरुष धरून जगात ५५ वी. पुढे २७३५ पर्यंत गेली, जगात आठवी झाली. २००५ ला सान लुईसला खुल्या जगज्जेतेपदासाठी खेळली (आठांत शेवटची आली, तेही सांगा). महिलांमध्ये ती अजिबात खेळलीच नाही असं मात्र नाही. १९८८ च्या थेसालोनिकी ऑलिंपियाडला महिला संघातून १३ पैकी १२.५ गुण. महिलांचं जगज्जेतेपद थोरल्या बहिणीने, झुझाने, १९९६ ला घेतलं.

काळी_सोंगटी: आणि नुसते हल्ल्याचे डाव दाखवू नका. २००२ ला मॉस्कोत माजी जगज्जेता कास्पारोव्ह ज्युडिटविरुद्ध बर्लिन बचाव खेळला, आठव्या चालीत वजिरावजिरी झाली, तरी ४२ चालींत हरला. रॅपिड (कमी वेळाचा) डाव होता, पण वजिराविना मधल्या राजाला कसं छळायचं ते यात दिसतं.

अडीच_घरं: लिनारेस स्पर्धेतला १९९४ चा, कास्पारोव्हविरुद्धचा 'हात लागला'वाला डाव घ्यावा का?

बुडापेस्ट७६: नियमापुरता. कास्पारोव्हने घोडा सी५ वर सोडला (हात सुटला की चाल पक्की), मग उचलून एफ८ वर नेला. ज्युडिटने दावा केला नाही आणि डाव हरली. मुलांना एवढंच पक्कं करा: स्वतःच्या मोहऱ्याला हात लावायच्या आधी घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. हात लावला की दावा गेला.