१९५७ चे पाच सिनेमे आणि वगळलेला सहावा

सोसायटीचा ग्रुप, मंगळवार

अनुराधा देवधर (ए-३०१), रात्री ८:१२
नमस्कार. ‘शनिवारचा पडदा’ची यादी आत्ता बोर्डावर वाचली. १९५७ सालचे हॉलिवूडचे सर्वोत्तम पाच, आणि त्यात ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ नाही? ‘गनफाइट ॲट द ओके कोरल’ आहे, हा नाही. कोणी ठरवलं आणि कधी, एवढंच विचारते.

हेमंत पाटणकर (बी-१०४), ८:१५
ताई, गनफाइटला हात लावायचा नाही 🙏 वर्गणी देतानाच सांगितलं होतं.

नितीन खाडिलकर (सेक्रेटरी), ८:२१
सर्व सभासदांना नमस्कार. यादी कल्चरल कमिटीने रविवारच्या मीटिंगमध्ये बहुमताने ठरवली आहे. ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय, विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन, पाथ्स ऑफ ग्लोरी, ॲन अफेअर टू रिमेंबर आणि गनफाइट. ‘ट्वेल्व्ह’ न घेण्याचं कारण, सगळा सिनेमा एका खोलीत आहे, मुलं कंटाळतात. शिवाय त्याचाच हिंदी अवतार ‘एक रुका हुआ फैसला’ बहुतेकांनी पाहिलेला आहे. गैरसमज नसावा.

अनुराधा देवधर (ए-३०१), ८:२४
रविवारी मी नगरला होते, हे तुम्हाला माहीत होतं खाडिलकर. आणि एका खोलीत आहे हे न घेण्याचं कारण कसं होतं? खुनाच्या खटल्याचा निकाल द्यायला बसलेली ज्यूरीची बारा माणसं, एक टेबल, बंद पडलेला पंखा. एवढ्यावर दीड तास जागचं हलू देत नाही, म्हणून तर तो त्या वर्षातला सर्वोत्तम.

सुधीर मराठे (सी-१०२), ८:२६
‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ला ७ ऑस्कर. चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, सगळं. ‘ट्वेल्व्ह’ला ३ नामांकनं, मिळालं शून्य.

अनुराधा देवधर (ए-३०१), ८:२७
बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल, म्हणजे पहिला पुरस्कार मिळाला त्याला, त्याच वर्षी.

शैला गोखले (ए-२०२), ८:३१
मला विचाराल तर ‘ॲन अफेअर टू रिमेंबर’ पहिल्याच शनिवारी ठेवा. कॅरी ग्रँट आणि डेबोरा कर. तो एम्पायर स्टेट बिल्डिंगवर वाट बघत थांबतो आणि ती… पुढचं लिहीत नाही. आमिर आणि मनीषाचा ‘मन’ त्यावरूनच काढला, पण ती गोडी त्यात नाही.

हेमंत पाटणकर (बी-१०४), ८:३३
काकू, तुमचा रुमाल घेऊन या. मागच्या वेळी हॉलचे पडदे वापरले होतेत 😄

शैला गोखले (ए-२०२), ८:३४
ते पडदे मीच धुऊन दिले हो नंतर. ते नाही आठवत कोणाला.

प्रसाद गायकवाड (डी-२०४), ८:४०
एक विचारू का? १९५७ म्हटल्यावर आपण मराठी माणसं इंग्रजी सिनेमांवरून का भांडतोय? त्याच वर्षी शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. कथा गदिमांची. आणि ती मनाने रचलेली नाही, औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची आहे. माझं गाव आटपाडी, स्वतंत्रपूर आमच्या शेजारी. लहानपणी वडिलांनी तिथे नेलं होतं. भिंत नाही, कुंपण नाही, माणसं शेतात काम करताहेत. मी विचारलं, हे पळून का जात नाहीत? वडील म्हणाले, यांना कुणीतरी माणूस म्हणून धरलंय.

सुधीर मराठे (सी-१०२), ८:४३
सुंदर सिनेमा आहे प्रसाद, वादच नाही. पण विषय हॉलिवूडचा चाललाय.

प्रसाद गायकवाड (डी-२०४), ८:४५
हॉलिवूडनेही घेतली की दखल. गोल्डन ग्लोबवाल्यांनी सॅम्युएल गोल्डविन पुरस्कार दिला त्याला. शूटिंगमध्ये बैलाने मारलं, बापूंच्या डोळ्यांना इजा झाली, तरी पुरा केला. बारा माणसांचे बारा हात नाहीत बरं का, सहा कैद्यांचे बारा.

हेमंत पाटणकर (बी-१०४), ८:४६
मग देवधरताईंचे बारा आणि गायकवाडांचे सहा, एकूण अठरा. हॉलमध्ये खुर्च्या चाळीसच आहेत.

नितीन खाडिलकर (सेक्रेटरी), ८:४८
खुर्च्यांचा विषय स्वतंत्र आहे. त्या प्रकरणावर चर्चा नको 🙏

सुधीर मराठे (सी-१०२), ८:५०
क्वायला ७ ऑस्कर.

तन्वी फडणीस (डी-५०३), ८:५८
मराठेकाका, राग मानू नका. त्या ७ मधलं पटकथेचं एक तर चुकीच्या माणसाला गेलं होतं. पिएर बूलने मूळ कादंबरी फ्रेंचमध्ये लिहिली, त्याला इंग्रजी येत नव्हतं. पटकथा कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सनची. दोघं कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत होते, म्हणून पडद्यावर त्यांची नावंच नाहीत. १९८४ मध्ये अकादमीने त्यांच्या नावे ऑस्कर दिलं, तेव्हा दोघंही हयात नव्हते.

सुधीर मराठे (सी-१०२), ९:०१
हे मला माहीत आहे. त्यात सिनेमाचा काय दोष?

अनुराधा देवधर (ए-३०१), ९:०२
दोष नाही. पण ऑस्करची मोजपट्टी लावायची तर ती मोजपट्टी नीट आहे का, हेही बघायला नको? ‘पेटन प्लेस’ला ९ नामांकनं होती. किती जणांना आठवतो आज?

हेमंत पाटणकर (बी-१०४), ९:०३
डी विंगच्या रॅम्पवर पांढरी ॲक्टिव्हा कोणाची? टँकर येतोय.

तन्वी फडणीस (डी-५०३), ९:०४
माझी. उतरते.

सुधीर मराठे (सी-१०२), ९:१५
आता जरा सविस्तर लिहितो. मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरांत होतो, सगळ्यांना ठाऊक आहे. बेली ब्रिज टाकलेत, पुरात वाहून गेलेले पुन्हा उभे केलेत. पूल बांधणाऱ्याचं मन दाखवणारा दुसरा सिनेमा मी पाहिलेला नाही. ब्रिटिश कर्नल निकोल्सन दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत आहे आणि शत्रूसाठीच पूल बांधतोय. पण काम चांगलं झालं पाहिजे हे त्याच्या डोक्यातून जात नाही. पूल पुरा होतो, संध्याकाळी तो कठड्याशी उभा राहून हाताने लाकूड चाचपतो. ते मी केलंय. प्रत्येक पुलावर केलंय. मग सकाळी नदीचं पाणी उतरतं आणि सुरुंगाची वायर उघडी पडते. ती त्याच्याच नजरेला पडते. तो अभिमानी इंजिनिअर आपल्या पुलाला वाचवायला धावतो, म्हणजे स्वतःच्याच सैन्याच्या विरोधात. सिलोनमध्ये कितुलगलाला खराखुरा लाकडी पूल बांधला आणि खऱ्या आगगाडीसकट उडवला. मी मूठभर पुरस्कारांसाठी भांडत नाहीये.

शैला गोखले (ए-२०२), ९:१८
मराठे, हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत? सारखं ७-७ करत होतात.

तन्वी फडणीस (डी-५०३), ९:२६
काका, हे वाचून मला तो सिनेमा पुन्हा बघावासा वाटला. एक मात्र खटकतं. तो पूल ज्या सयाम-बर्मा रेल्वेचा, ती खरी होती आणि तिच्यावर मलायातून नेलेले तमिळ मजूर हजारोंनी मेले. सिनेमात ते जवळजवळ नाहीतच. फक्त ब्रिटिश शिस्त आणि शीळ.

सुधीर मराठे (सी-१०२), ९:२९
हे बरोबर आहे. ते नाहीत. याला माझ्याकडे उत्तर नाही.

शैला गोखले (ए-२०२), ९:३१
आणि ‘विटनेस’चं कोणी काहीच बोलत नाही! चार्ल्स लॉटन तो जाडा वकील, आणि त्याच्यामागे इंजेक्शन घेऊन धावणारी नर्स म्हणजे त्याची खरी बायको, एल्सा लँचेस्टर. थर्मासमधला कोको आणि ब्रँडी! 😄

शैला गोखले (ए-२०२), ९:३३
हा मेसेज डिलीट केला आहे

प्रसाद गायकवाड (डी-२०४), ९:३३
काकू!!! मी पाहिला नव्हता तो.

हेमंत पाटणकर (बी-१०४), ९:३४
मी वाचला. आता त्या शनिवारी मी घरीच.

शैला गोखले (ए-२०२), ९:३६
अहो सत्तरी आली त्या सिनेमाची. अगाथा ख्रिस्तीचं नाटक आहे, सगळ्यांना माहीत असेल वाटलं.

अनुराधा देवधर (ए-३०१), ९:३७
सिनेमाच्या शेवटी पडद्यामागून विनंती होते, शेवट कोणाला सांगू नका. आपल्या ग्रुपवर ती चालत नाही.

नितीन खाडिलकर (सेक्रेटरी), ९:४०
सर्वांनी संयम ठेवावा. गेल्या वर्षी आपण १९३९ साल घेतलं, ‘गॉन विथ द विंड’ जवळजवळ चार तास चालला, साडेअकराला हॉल बंद केला आणि पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. यंदा १० वाजता सगळं बंद. क्वाय १६१ मिनिटांचा आहे, ७ ला सुरू केला तरच बसतो.

अनुराधा देवधर (ए-३०१), ९:४२
‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ ९६ मिनिटं.

हेमंत पाटणकर (बी-१०४), ९:४३
गनफाइट १२२. त्यातला शेवटचा गोळीबार एकटा घेतला तरी पैसे वसूल.

तन्वी फडणीस (डी-५०३), ९:५५
मुलं कंटाळतील हे खाडिलकरकाकांचं म्हणणं तेवढं खोडून काढते. माझ्या एडिटिंगच्या वर्गात हा सिनेमा आवाज बंद करून दाखवला होता. सिडनी ल्युमेटचा हा पहिलाच सिनेमा, त्याआधी तो टीव्हीवर काम करायचा. पहिला एक तृतीयांश भाग कॅमेरा डोळ्यांच्या वर आहे, मधला डोळ्यांच्या रेषेत, शेवटचा खालून. आणि जसजसा सिनेमा पुढे जातो तशी लेन्सची फोकल लेंथ वाढते, त्यामुळे मागच्या भिंती माणसांच्या पाठीला येऊन चिकटतात. शेवटी छत दिसायला लागतं. खोली तीच, पण ती आवळत जाते. आपल्याला कळतही नाही की घाम का फुटला. मग बाहेर पाऊस येतो, कोणीतरी दिव्याचं बटण दाबतं आणि पंखा सुरू होतो. पंखा बिघडलेला नव्हताच, दिव्याच्याच बटणावर होता. वर्गात त्या क्षणी सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. आवाज बंद असताना.

प्रसाद गायकवाड (डी-२०४), ९:५८
हे भारी आहे. मी ‘रुका हुआ’च पाहिलाय, पंकज कपूरसाठी दोनदा. मूळ बघायला हवा.

सुधीर मराठे (सी-१०२), १०:०१
तंत्र मान्य. पण बारा माणसं बोलत बसतात, आणि एकटा माणूस अकरा जणांना फिरवतो. इतकं सोपं असतं का? मी कोर्ट मार्शलमध्ये बसलोय. अकरा विरुद्ध एक असेल तर तो एकच गप्प बसतो.

अनुराधा देवधर (ए-३०१), १०:०३
सोपं कुठे दाखवलंय? एका म्हाताऱ्या साक्षीदाराला दारापर्यंत यायला १५ सेकंद लागले की नाही, एवढ्यासाठी तो एकटा माणूस, म्हणजे हेन्री फोंडा, स्वतः पाय ओढत खोलीत चालून दाखवतो, घड्याळ लावून. ४१ सेकंद निघतात. त्यावरही सगळे फिरत नाहीत. एकेक मत खणून काढावं लागतं.

मीनल इनामदार (ए-१०१), १०:१७
आप्पा सगळे मेसेज मला वाचायला लावताहेत. त्यांना लिहायचंय, ते सांगताहेत तसं टाईप करते.

“मराठे, मी आप्पा. १९५९ साली मी विशीत होतो, मुंबईत फोर्टमध्ये एका पेढीवर कारकून. नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला चालू होता. दुपारच्या सुट्टीत आम्ही डबा न खाता सेशन्स कोर्टाबाहेर जायचो. आत शिरता यायचं नाही इतकी गर्दी. लोक रस्त्यातच निकाल देत होते. सगळं शहर नानावटीच्या बाजूचं, मीही. नऊ जणांची ज्यूरी होती. आठ जण म्हणाले निर्दोष. एक म्हणाला, नाही. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं आणि हायकोर्टाने दोषी ठरवलं. त्या दिवशी आम्ही हायकोर्टाला शिव्या घातल्या.

तो सिनेमा मी नंतर पाहिला. सगळे म्हणत होते काय तो फोंडा, एकटा उभा राहिला. मला आमचा नववा माणूस आठवला. सिनेमातल्या एकट्याने आरोपीला वाचवलं, म्हणून तो आपल्याला आवडतो. आमच्या एकट्याने अख्ख्या मुंबईच्या लाडक्या माणसाला दोषी म्हटलं. बाहेर आमच्यासारखे एवढे ओरडत असताना. त्याचं नाव मला माहीत नाही. पुढे आपल्याकडून ज्यूरीच गेली. पण तो आतमध्ये कसा बसला असेल, त्याला पाणी तरी कुणी विचारलं असेल का, असं मनात येतं. म्हणून मला तो सिनेमा पाहायचा आहे, आणि या सगळ्यांबरोबर पाहायचा आहे.”

मीनल इनामदार (ए-१०१), १०:१८
एवढंच म्हणाले. आम्हाला घरात हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

शैला गोखले (ए-२०२), १०:२२
🙏

प्रसाद गायकवाड (डी-२०४), १०:२३
आप्पा 🙏🙏

हेमंत पाटणकर (बी-१०४), १०:३०
बरं. गनफाइट काढा. मी घरी बघेन.

नितीन खाडिलकर (सेक्रेटरी), १०:३३
पाटणकर, कमिटीचा ठराव असा ग्रुपवर बदलता येत नाही.

हेमंत पाटणकर (बी-१०४), १०:३४
खाडिलकर, ठरावात गनफाइट माझ्या आग्रहावरून आला, तो मी मागे घेतोय. मीटिंग लावायची तर उद्या लावा, चहा माझा.

अनुराधा देवधर (ए-३०१), १०:३६
धन्यवाद पाटणकर. मनापासून.

प्रसाद गायकवाड (डी-२०४), १०:३७
आणि सहाव्या शनिवारी ‘दो आँखें बारह हाथ’. हॉलिवूड नाही म्हणून सोडू नका.

नितीन खाडिलकर (सेक्रेटरी), १०:४१
उद्या संध्याकाळी ७ वाजता कमिटी ऑफिसमध्ये. विषय एकच, यादी. खुर्च्यांचा विषय घेतला जाणार नाही.

सुधीर मराठे (सी-१०२), १०:४६
माझं मत क्वायलाच, ते बदललेलं नाही. पण पहिला शनिवार ‘ट्वेल्व्ह’ला द्या, माझी हरकत नाही. मीनल, ए विंगची लिफ्ट बंद असली तरी आप्पा तळमजल्यावर आहेत, हॉलच्या तीन पायऱ्यांचाच प्रश्न आहे. मी आणि प्रसाद खुर्चीसकट उचलून नेऊ. पुढच्या रांगेत बसायचं की मागे, विचारून ठेव. पुढे मान वर करावी लागते.

मीनल इनामदार (ए-१०१), १०:५२
ते झोपले. सकाळी विचारते.